न शिवता पडदे: मशीन नाही, ड्रिल नाही, साड्या मात्र आहेत

प्रश्न: आम्ही पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. बेडरूमची खिडकी पश्चिमेला आहे, ५ फूट रुंद आणि ४ फूट उंच. तिथे आधीच्या भाडेकरूंचा रॉड आहे. हॉलच्या खिडकीला (६ बाय ४) काहीच नाही आणि मालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत. शिलाई मशीन नाही, हातशिलाईचा कंटाळा आहे. आईच्या जुन्या सुती साड्या आहेत, आजीची एक नऊवारीही आहे. घरात वर्षाचं बाळ आहे. न शिवता टिकणारे पडदे होतील का, की हे सगळं चार दिवसांचं?

उत्तर:

होतील. मी वीसेक वर्षं लोकांच्या घरचे पडदे शिवते, तेव्हा हे उत्तर म्हणजे माझ्याच पोटावर पाय आहे. तरी सांगते, कारण माझ्या स्वतःच्या बेडरूममधल्या पडद्यांना एकही टाका नाही. त्यांना आता सात वर्षं झाली.

आधी एक विचारते, शिलाई लागते कशाला? कापड कापलं की कडेचे धागे सुटायला लागतात. ते धरून ठेवायला आपण कड दुमडतो आणि टीप मारतो. कात्री चाललीच नाही तर टीप मारायचं कारणच उरत नाही. न शिवता पडदे करायचे म्हणजे गोंद आणि टेप आणायची, असं बऱ्याच जणांना वाटतं. मग ताग्यातून कापड फाडून आणतात, चारी कडा चिकटवत बसतात आणि दोन धुण्यांत त्या कडा उकलल्या की "शेवटी शिवलेलं ते शिवलेलं" म्हणत माझ्याकडे येतात. त्यापेक्षा कडा बांधून आलेलं कापड घ्या. साडी, धोतर, पंचा, उपरणं, सोलापुरी चादर यांचे दोन्ही काठ मागावरच पक्के झालेले असतात. पडद्याचं कापड दुकानात ४८ किंवा ५४ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) मिळतं आणि साडीचा पन्हा ४५-४६ इंच असतो. म्हणजे फरक फार नाही, आणि तुमच्याकडे साड्या आहेतच.

कुठली साडी घ्यायची? उन्हात नेऊन कापड डोळ्यांसमोर धरा. निऱ्यांचा खालचा भाग आणि टाचेशी घासणारा काठ आधी विरतो. तिथे कापड जाळीसारखं दिसलं तर ती साडी पडद्याला घेऊ नका. अंगावर आणखी दोन वर्षं निघाली असती अशी साडी पश्चिमेच्या उन्हात एका उन्हाळ्यात फाटते. रंगाचं म्हणाल तर गडद रंग खिडकीत लवकर विटतात, आणि विटतात तेही पट्ट्यापट्ट्यांनी, जिथे चुणी पुढे येते तिथे. फिक्या, मळकट पांढऱ्या, राखाडी, हळदी साड्या बऱ्या.

साडीला फॉल लावलेला असेल तर उसवून टाका. फॉलचं कापड आणि साडीचं कापड धुतल्यावर सारखं आटत नाही, म्हणून उभ्या टांगलेल्या साडीची ती एक बाजू गोळा होऊन वर चढते. उसवायला ब्लेड किंवा बारीक कात्री चालते. सुईकामाशी तुमचा संबंध एवढाच येईल.

साडी कितीही जुनी असली तरी कापण्याआधी एकदा साध्या पाण्यात तासभर भिजवा आणि सावलीत वाळवा. दोन कारणं. एक, कांजी किंवा स्टार्च राहिलेला असेल तर इस्त्रीने चिकटणारी टेप (ती पुढे सांगते) धरत नाही. दुसरं, रंग. माझ्या पहिल्याच अशा पडद्यात मी लाल काठाची इरकल न भिजवता फिक्या साडीशेजारी टांगली होती. जुलैत उघड्या खिडकीतून पावसाची झड आली आणि फिक्या साडीवर गुलाबी ओघळ उतरले. ते आजही आहेत. रंग जात असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवा असं सगळ्यांच्या आया सांगतात. माझ्या अनुभवात कच्चा रंग मिठाने पक्का होत नाही. भिजवलेलं पाणी रंगीत निघालं तर ती साडी एकटीच लावा.

आता बेडरूमची खिडकी. इथे हिशेब तुमच्या बाजूने पडतो. सहावारी म्हणजे सहा वार, २१६ इंच. (ब्लाउजपीस साडीतच असेल तर लांबी थोडी जास्त भरेल, तो तुकडा आधी वेगळा काढा.) साडी आडवी पसरा, दोन टोकं एकत्र आणा, जिथे घडी पडेल तिथे कापा. एवढा एकच काप. आता १०८ इंचांचे दोन तुकडे झाले. प्रत्येक तुकडा रॉडवरून निम्मा पुढे, निम्मा मागे सोडला की ५४ इंचांचा दुहेरी पडदा मिळतो. तुमची खिडकी ४८ इंच उंच आहे. रॉड चौकटीच्या ३ इंच वर असेल तर खालीही ३ इंच उरतात. रॉड त्याहून वर असेल तर तुकडा अगदी मध्यावर न टाकता पुढे जास्त, मागे कमी सोडा. मागची बाजू आखूड असली तरी घरातून कुणाला दिसत नाही.

दोन्ही तुकडे मिळून रुंदी ९० इंच होते. ५ फुटी खिडकीला ती दीडपट. रॉड दोन्हीकडे थोडा बाहेर गेलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात सव्वापटीच्या जरा वर भरेल. दुकानदार दुप्पट कापड सांगतात. जाड, प्लेन कापडाला ते शोभतंही. साडीला नको. दुप्पट चुण्यांत काठ पार बुडून जातो, आणि काठासाठीच तर साडी लावायची.

पदराचं काय? एका तुकड्याला पदराचं टोक येईल, दुसऱ्याला आतलं साधं टोक. दोन्ही कापलेल्या कडा मागे, काचेकडे घ्या. पुढे एका बाजूला पदर, दुसऱ्या बाजूला नाही असं दिसेल. काही जणींना हे खटकतं. मला आवडतं. खटकत असेल तर पदराचं टोक मागे घ्या, त्या तुकड्याची कापलेली कड पुढे येईल, तिला खाली सांगते तशी टेप लावा.

नुसता रॉडवर टाकलेला पडदा घसरतो. स्टीलच्या पाइपवर तर दिवसातून दोनदा. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी रॉडला गुंडाळून चालतं, पण मग पडदा सरकवताही येत नाही. त्यापेक्षा वर नेफा करून घ्या. परकराला नाडी ओवायला असतो तसाच, फक्त टाक्यांऐवजी इस्त्रीच्या टेपने.

ही टेप कशी मागायची तेही सांगते, कारण इथे लोक फसतात. शिवणसाहित्याच्या दुकानात नुसतं "फ्यूजिंग" म्हणालात तर शर्टाच्या कॉलरला लावतात ते एका बाजूने चिकटणारं कापड देतील. तुम्हाला हवी आहे कोळ्याच्या जाळ्यासारखी पातळ, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी, इंचभर रुंद. "हेमिंग टेप" म्हणा. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत न मिळाल्यास ऑनलाइन मिळते.

रॉड १ इंच जाडीचा असेल तर त्याचा घेर ३ इंचांच्या जरा वर येतो. म्हणजे सपाट मोजलेला नेफा निदान पावणेदोन इंच हवा, आणि पडदा मोकळेपणाने सरकायचा तर सव्वादोन. साडीचा तुकडा दुमडून घडीवर कडक इस्त्री फिरवा. घडीपासून सव्वादोन इंचांवर फूटपट्टीने पेन्सिलची बारीक रेघ काढा. पुढचा थर उचला, रेघेच्या खालून टेप काठापासून काठापर्यंत सरळ ठेवा, थर परत टाका. वरून ओला करून पिळलेला रुमाल घाला. इस्त्री सुतीवर. आणि आता महत्त्वाचं: इस्त्री फिरवायची नाही, ठेवायची. दाबून दहा-पंधरा आकडे मोजा, उचला, पुढच्या जागी ठेवा. फिरवलीत की आतली टेप गोळा होते आणि बाहेरून सुरवंट बसल्यासारखा फुगीर पट्टा दिसतो. एक बाजू झाली की उलटून दुसऱ्या बाजूनेही तसंच. मग पाच मिनिटं हात लावू नका. गरम असताना ओढून बघायचा मोह होतो, आणि तिथेच टेप सुटते. गार झाल्यावर ओढा. सुती साडीचे दोन थर असे धरतात की पुढे काढायचे म्हटले तर परत इस्त्रीच लागते.

कापलेल्या कडांनाही हीच टेप लावा. अर्धा इंच दुमडून इस्त्री करा, मग परत एक इंच दुमडा आणि मधे टेप घाला. मागे राहणारी कड तुम्ही तशीच सोडलीत तरी चालतं. थोडे धागे लोंबतील, आणि ते लोंबले म्हणून सोसायटीत कुणी काही बोलत नाही. माझी तशीच आहे.

साडी पॉलिस्टर मिश्र असेल तर ही सगळी कृती आधी कोपऱ्यात करून बघा. सुतीवरची इस्त्री पॉलिस्टरला चमकदार डाग पाडते किंवा सरळ वितळवते. तिथे कापडावर लावायचा फॅब्रिक ग्लू बरा. बारीक रेघ मारायची, दाबायचं, वर पुस्तकं ठेवून दिवसभर विसरायचं. लाकडाला लावतात तो पांढरा गोंद मात्र घेऊ नका. वाळला की कड पुठ्ठ्यासारखी होते आणि धुण्यात सुटते.

बाळ दुपारी झोपत असेल तर अंधार हवा असणार. त्यासाठी साडीच्या दोन थरांच्या मधे ब्लॅकआउटचं कापड टाका, पोळीत पुरण असतं तसं. न शिवण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो. ब्लॅकआउटला टीप मारली की सुईच्या प्रत्येक भोकातून उजेडाचा ठिपका येतो. भर दुपारी शिलाईची अख्खी रेघ चांदण्यांसारखी चमकते, आणि गिऱ्हाईक मला फोन करतं. न शिवलेल्या कापडाला हे दुखणंच नाही. शिवाय मागे लेप असलेल्या या कापडाचे धागे फारसे सुटत नाहीत, धारदार कात्रीने सरळ कापून तसंच वापरता येतं. पन्हा ५४ इंच असतो. साडीपेक्षा रुंद नको, म्हणून ४४ इंच ठेवा आणि उंची साडीहून दोन इंच कमी. साडीला नेफा केला असेल तर ते नेफ्याच्या आत जाणार नाही. तेव्हा साडीचा मागचा थर उचलून, नेफ्याच्या लगेच खाली, ब्लॅकआउटची वरची कड आणि मागचा थर एकत्र पकडून कपडे वाळत घालायचे छोटे चिमटे लावा, पडद्यामागे पाच-सहा. समोरून काही दिसत नाही आणि धुवायच्या वेळी ब्लॅकआउट वेगळं निघतं. त्याच्या लेपाच्या बाजूला इस्त्री कधीही टेकवायची नाही. लेप इस्त्रीला चिकटून येतो.

अंधाराचं झालं. उकाड्याचं वेगळं आहे, आणि इथे मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण पश्चिमेच्या खिडकीवर लोक सगळ्यात जास्त पैसे वाया घालवतात. जाड पडदा लावला की खोली गार राहते हा समज अर्धाच खरा आहे. ऊन एकदा काचेतून आत आलं की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि त्याची धग काच बाहेर जाऊ देत नाही. संध्याकाळी सहा वाजता पश्चिमेच्या पडद्याला हात लावून बघा. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं. जुन्या घरांत पडवीला बांबूची चिक सोडत आणि विदर्भात दारा-खिडक्यांना बाहेरून वाळ्याच्या ताट्या लावून वर पाणी मारतात, ते यासाठीच.

फ्लॅटमध्ये याची सोपी आवृत्ती म्हणजे शेडनेट, रोपवाटिकेवर घालतात ती जाळी. नर्सरीच्या किंवा शेतीच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळते आणि ५०, ७५, ९० टक्के अशा मापांत येते. टक्के म्हणजे ती किती ऊन अडवते. पश्चिमेला ७५ घ्या. ९० लावलीत तर वारा अडतो आणि खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. खिडकीला बाहेर लोखंडी ग्रिल असेलच. जाळीची वरची आणि खालची कड दोनदा दुमडा, दुमडीत अर्धा इंची पीव्हीसी पाइप घाला आणि दुमडीसकट पाइप ग्रिलला केबल टायने आवळा, वीतभर अंतरावर एक. आयलेट (भोकात बसवायच्या धातूच्या कड्या) नको, शिलाई नको. जाळी काचेला चिकटवू नका. ग्रिलच्या बाहेरच्या बाजूने लावलीत तर काच आणि जाळीत मोकळी हवा खेळते. हे काम वरच्या मजल्यावर ग्रिलमधून हात घालून करायचं आहे, म्हणून दोघांनी करा, बाळ दुसऱ्या खोलीत असू दे, आणि बाहेर वाकू नका. सोसायटीला आधी विचारा. इमारतीच्या दर्शनी बाजूला काही लावलं की पत्र येतं.

एक बारकावा. उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सरकून मावळतो. पुण्यात मेच्या मध्याला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि तिथून जुलै संपेपर्यंत भर दुपारीही तो उत्तरेकडेच कललेला राहतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये तुम्ही आतून खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिलात तर ऊन उजव्या हाताकडून येतं. जाळी त्या बाजूला चौकटीच्या फूटभर पुढे न्या. मधोमध लावलेल्या जाळीच्या कडेने तिरपी पट्टी आत येते आणि नेमकी उशीवर पडते. वरच्या छज्जावर भरवसा ठेवू नका. संध्याकाळचं ऊन इतकं खालून येतं की छज्जा बघत राहतो. वळवाच्या वादळात जाळीच्या खालच्या बाजूचे टाय तुटतात, तेवढे जूनच्या आधी बदलून घ्या.

हॉलची खिडकी. भिंतीला भोक नाही म्हणजे रॉड नाही. स्प्रिंगवाला ताणून बसणारा रॉड मिळतो, खिडकीच्या खाचेत दोन भिंतींच्या मधे तो अडकवायचा. ४ फुटांपर्यंत उत्तम. तुमच्या ६ फुटांना तो मधे वाकेल आणि एका रात्री धाडकन खाली येईल. माझ्या एका ओळखीच्या घरी तो ॲक्वेरियमवर आला होता. मासे वाचले.

६ फुटांना जुनी पडद्याची स्प्रिंग घ्या. चाळीत, गावच्या घरात अर्ध्या पडद्याला असायची तीच, पांढऱ्या प्लास्टिकच्या आवरणातली. हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते, टोकाच्या हुकांसकट. ती खिडकीच्या मापाहून आखूड घ्यायची, फुटामागे पाऊण इंच. ७२ इंचांना साडेसदुसष्ट. ताणली गेली तरच सरळ राहते. टोकांना चिकटणारे हूक लावा, पण कुठे ते महत्त्वाचं. बहुतेक नव्या इमारतींत सरकत्या खिडक्यांभोवती ग्रॅनाइटची चौकट असते. त्या चौकटीच्या आतल्या बाजूंवर, एकमेकांसमोर हूक येतील असे चिकटवा आणि हुकाचं तोंड वर ठेवा. स्प्रिंग त्यांना आत ओढते, म्हणून चिकट भाग मोठा असलेलेच हूक घ्या आणि एका बाजूला दोन-दोन लावा. जागा आधी स्पिरिटने पुसा, चिकटवल्यावर मिनिटभर दाबून धरा आणि २४ तास काही टांगू नका. हा शेवटचा नियम कुणी पाळत नाही. ग्रॅनाइट, टाइल, ॲल्युमिनियम यांवर हूक धरतो. डिस्टेंपरच्या भिंतीवर लावलात तर तो पडताना रंगाचा पापुद्रा घेऊन पडेल, आणि मग मालकांना भोकाऐवजी तो दाखवावा लागेल. स्प्रिंग मधे झोल खाईलच. म्हणून चौकटीच्या वरच्या पट्टीला मध्यावर एक हूक लावून तिला आधार द्या.

या स्प्रिंगवर वजन चालत नाही, एकच पातळ थर. इथे साडी आडवी लावायची. अर्धी साडी म्हणजे १०८ इंच, तुमच्या ७२ इंचांना बरोबर दीडपट. साडीचा पन्हा ४५ इंच, क्लिपवाल्या रिंगा दीड इंच, झाले साडेसेहेचाळीस. खाचेची उंची ४८. एक काठ वर, एक काठ खाली, आणि दोन्हीकडे काहीही दुमडायचं नाही. रिंगा पितळी किंवा स्टीलच्या घ्या, साध्या लोखंडीला पावसाळ्यात गंज येऊन काठावर तांबडे डाग पडतात. सहा-सहा इंचांवर एक क्लिप धरली तर अठराएक लागतील. साडी मात्र मलमलीसारखी हलकी हवी, जाडजूड इरकल नको. उरलेली अर्धी साडी कपाटात ठेवा. एक धुवायला पडली की दुसरी लावायला.

खिडक्या मोजताना शिंप्याची कापडी टेप घेऊ नका, ती जुनी झाली की ताणते. आणि वर, मधे, खाली अशा तीन ठिकाणी मोजा. आपल्याकडे काटकोनातली खिडकी नशिबाने मिळते.

समोरच्या इमारतीतून नजर येत असेल आणि उजेड मात्र हवा असेल तर पडद्याचीही गरज नाही. पातळ मलमल किंवा व्हॉइलचा तुकडा खळीने काचेवर चिकटवा. दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर पाव कप गार पाण्यात कालवायचं, दीड कप उकळत्या पाण्यात सोडून ढवळायचं, दाटसर झालं की गार करायचं. काच स्वच्छ करून ब्रशने खळ लावा, कापड बसवा, वरून परत एक हात. वाळल्यावर ते दुधी काचेसारखं दिसतं आणि घर सोडताना कोमट पाण्याने सहज निघतं. सरकत्या खिडकीत हे आतल्या ट्रॅकवरच्या काचेलाच करा, बाहेरच्या काचेवरचं कापड सरकवताना घासतं. बाथरूममध्ये करू नका, आठवड्यात सोलून येईल. पावसाळ्यात कोपऱ्यात काळे ठिपके दिसले तर काढून टाका, नवीन लावायला अर्धा तास लागतो. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात म्हणून ते सुचवणारे भेटतील. मोरचूद विषारी आहे, बाळ काच चाटतं, तेव्हा नाही.

बाळाचंच आणखी थोडं. पडदा बांधायला दोरीचा फास नको, लोंबती नाडी नको. लोहचुंबकाने पडदा ग्रिलला धरायची युक्ती छान आहे आणि लोखंडी ग्रिलवर चालतेही, ॲल्युमिनियमवर चालत नाही. पण छोटे ताकदवान चुंबक बाळाने गिळले तर आतडी एकमेकांना चिकटून शस्त्रक्रियेची वेळ येते. मूल मोठं होईपर्यंत ते घरात आणूच नका. हॉलच्या क्लिपा बाळाच्या हाताला लागणार नाहीत, पण खिडकीखाली सोफा असेल तर तो हलवा. दोन महिन्यांत ते त्यावर चढून उभं राहील.

स्वयंपाकघराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. शेगडीच्या बाजूच्या खिडकीला कापड लावूच नका, सिंककडच्या खिडकीला पंचा स्प्रिंगवर टाकून अर्धा पडदा होतो.

धुणं: टेप लावलेला पडदा गार पाण्यात, हाताने किंवा मशीनच्या हलक्या फेरीवर. पिळायचा नाही, ड्रायरमध्ये नाही. एखाद्या ठिकाणी नेफा उकलला तर घाबरू नका, ओला रुमाल आणि इस्त्री, बहुतेक वेळा जुनीच टेप परत धरते. अर्धवट ओला असतानाच रॉडवर चढवलात तर स्वतःच्या वजनाने सरळ होतो, इस्त्री वाचते. हे फक्त पावसाळा सोडून. जुलै-ऑगस्टमध्ये ओला पडदा भिंतीला टेकला की बुरशी धरलीच म्हणून समजा.

राहिली आजीची नऊवारी. ती सव्वाआठ मीटर भरते, मोठ्या गॅलरीच्या दाराला दोन दुहेरी पडदे सहज होतील, आणि म्हणूनच तुम्हाला मोह होईल. माझं ऐकाल तर तिला कात्री लावू नका. बेडरूम आणि हॉल दोन सहावारीत भागतात. नऊवारीची गोधडी करून घ्या, हाताने गोधडी शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. तोवर ती धुऊन, कांजी न करता, सुती फडक्यात गुंडाळून ठेवा आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर ती घडीवरच चिरते.